नाण्यावरचा रंग आपोआप आलेला की मुद्दाम आणलेला, कसं ओळखायचं

चांदीच्या जुन्या नाण्यावर निळा, जांभळा, सोनेरी असा रंग चढलेला दिसला की कलेक्टर लोकांमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते काय सुंदर टोनिंग आहे आणि दुसरी म्हणते हे तर कोणीतरी घरी बसून शिजवलंय. दोन्ही पार्ट्या त्याच नाण्याकडे बघत असतात बरं का. नवीन माणसाला वाटतं की याची काहीतरी टेस्ट असेल, मशीनमध्ये टाकलं की खरं-खोटं कळत असेल, पण तसं काही होत नाही आणि का होत नाही हे एकदा समजलं की मग ओळखायला कुठे बघायचं तेही आपोआप समजतं. म्हणून सुरुवात केमिस्ट्रीपासून करतो, कंटाळा येऊ देऊ नका, थोडीच आहे.

चांदी काळी पडते ती मुख्यतः हवेतल्या गंधकामुळे. नुसता ऑक्सिजन चांदीचं फार काही वाकडं करत नाही, पण हायड्रोजन सल्फाइडसारखा गंधकवाला वायू अगदी नगण्य प्रमाणात असला आणि जोडीला दमट हवा असली की नाण्याच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसायला लागतो. हा गंधक कुठून येतो? पुठ्ठा, स्वस्तातला कागद, लोकर, रबर, यातून. म्हणजे नाणी ज्या वस्तूंमध्ये आपण "जपून" ठेवतो नेमकी त्यातूनच! हा थर काही डझन नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असतो तेव्हा त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परत येणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात, काही रंग कटतात आणि उरलेले आपल्याला दिसतात. पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडलं की त्यावर जे रंग दिसतात ना, तोच प्रकार. म्हणजे नाण्यावर रंगद्रव्य असं काही नसतंच, थराची जाडी बदलली की रंग बदलतो, एवढंच.

आता खरी गोची. गंधक पुठ्ठ्यातून पन्नास वर्षांत झिरपत आला काय किंवा कोणी गंधकाचं द्रावण लावून दहा मिनिटांत आणला काय, तयार होतं ते सिल्व्हर सल्फाइडच. पदार्थ एकच. म्हणून "नॅचरल की आर्टिफिशियल" हा प्रश्न खरं तर रंगाबद्दलचा नाहीच, तो नाण्याच्या मुक्कामाबद्दलचा आहे. नाणं कुठे होतं, कशाला चिकटून होतं, किती काळ होतं. त्यामुळे मी नाणं हातात घेतलं की रंग किती भारी आहे ते बघत नाही, हा रंग इथेच का आला आणि तिथे का नाही आला हे विचारतो. उत्तर सापडलं तर पुढे बघायचं, नाही सापडलं तर नाणं परत.

तरी केमिस्ट्री एका बाबतीत मदत करते, ती म्हणजे रंगांचा क्रम. थर जाड होत जातो तसे रंग ठराविक क्रमानेच येतात. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस, मग किरमिजी-जांभळा, मग निळा, मग तो निळा फिका पडत पडत आकाशी होतो आणि तिथून दुसरी फेरी चालू होते, पुन्हा पिवळा, पुन्हा किरमिजी, आणि हिरवा किंवा मोरपंखी यायचा तो साधारण या नंतरच्या फेऱ्यांमध्येच. शेवटी थर इतका जाड होतो की रंगबिंग सगळं संपतं आणि राखाडी-काळं उरतं. (फोटोग्राफीच्या सुरुवातीला, १८३९ नंतरच्या डगेरोटाइपच्या काळात, फोटोग्राफर चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर आयोडीनची वाफ द्यायचे आणि पत्रा पिवळा झाला, मग गुलाबी झाला असं रंगावरूनच थर किती बसला ते ठरवायचे. म्हणजे चांदीवर मुद्दाम रंग आणणं ही काही आजची कला नाही.)

तर हा क्रम नाण्यावर वाचता येतो. समजा कडेला निळा आहे आणि मधे नाणं पांढरंशुभ्र आहे, तर त्या निळ्याच्या आणि पांढऱ्याच्या मधे जांभळा, तांबूस, सोनेरी, पिवळा हे सगळे टप्पे असायलाच पाहिजेत, कारण थर जाडीकडून शून्याकडे जाताना मधल्या जाड्या टाळून जाऊ शकत नाही. पट्टे अगदी बारीक असू शकतात, भिंगाशिवाय दिसणारही नाहीत, पण असतात. आणि निळा रंग थेट पांढऱ्याला जाऊन भिडला असेल, मधे पिवळ्याची रेघसुद्धा नसेल, तर माझा तरी विश्वास उडतो. मार्कर पेनने किंवा कसल्या रंगाने केलेलं काम इथेच उघडं पडतं. पण लक्षात ठेवा, हा नियम एकतर्फी आहे. क्रम चुकला तर नाणं नापास, पण क्रम बरोबर आहे म्हणून पास नाही, कारण गंधक वापरून भट्टीत केलेलं टोनिंगही फिजिक्स पाळतंच की, त्याला पर्याय नाही.

मग पुढचं काम मुक्कामाच्या खुणा शोधायचं. यात अमेरिकन नाण्यांचा अभ्यास सगळ्यात जास्त झालाय, कारण तिथे नाणी कशात ठेवली होती याचा इतिहास व्यवस्थित माहिती आहे, म्हणून उदाहरणं तिथलीच घेतो. मॉर्गन डॉलर, १८७८ ते १९०४ आणि मग पुन्हा १९२१ मध्ये पाडलेलं नाणं, ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं. हे डॉलर पाडले भरमसाट पण लोकांनी वापरले कमी, त्यामुळे हजार-हजार नाण्यांच्या कापडी पिशव्या सरकारी तिजोऱ्यांत कित्येक दशकं पडून राहिल्या. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या मोठ्या प्रमाणात बाहेर आल्या. आता विचार करा, पिशवीत हजार नाणी एकमेकांवर रचलेली, त्यातली बहुतेक आत दबलेली म्हणून पांढरी राहिली, पण जी कापडाला टेकून होती त्यांची एकच बाजू कापडाकडे होती. त्यामुळे खऱ्या बॅग टोनिंगवाल्या मॉर्गनची साधारणपणे एकच बाजू रंगीत असते आणि दुसरी जवळजवळ पांढरी. कधी शेजारच्या नाण्याने अर्ध्या भागावर झाकण घातलेलं असतं, मग चंद्रकोरीसारखा रंगीत तुकडा दिसतो आणि झाकलेला भाग स्वच्छ. कधी तर कापडाची वीणसुद्धा रंगात उमटते, बारीक उभे-आडवे ठिपके, याला टेक्स्टाइल टोनिंग म्हणतात आणि मला विचाराल तर हा सगळ्यात देखणा प्रकार. हीच वीण नकली करायचा प्रयत्न लोक करतातच, कापडात गुंडाळून तापवतात, पण मग ती वीण नाण्याच्या दोन्ही बाजूंना आणि अगदी एकसारखी येते, खोलगट जागेतसुद्धा उठावाइतकीच ठसठशीत. पिशवीतलं कापड नाण्याच्या खोलगट भागाला टेकणार कसं, हा प्रश्न विचारायचा.

दुसरा मुक्काम म्हणजे अल्बम. विसाव्या शतकाच्या मधल्या काळात वेट रेमंडचे नॅशनल अल्बम कलेक्टरांकडे असायचे, जाड पुठ्ठ्याला गोल भोकं, त्यात नाणं आणि वरून सरकणारी पारदर्शक पट्टी. पुठ्ठा नाण्याच्या कडेला चहूबाजूंनी चिकटून, म्हणजे गंधक कडेकडून आत येणार. म्हणून यात रंग वर्तुळं-वर्तुळं होऊन येतो, कडेला सगळ्यात गडद, निळा-जांभळा, आत सोनेरी आणि मधे पांढरा, याला टार्गेट टोनिंग म्हणतात. तिसरा मुक्काम, अमेरिकन टांकसाळीने स्वतःच विकलेले मिंट सेट, १९४७ ते १९५८ च्या दरम्यानचे, पुठ्ठ्याच्या पानात नाणी बसवलेले. या सेटमधले फ्रँकलिन हाफ डॉलर काय रंगतात! पण रंग कसा, तर डागाडागांचा, सोनेरी-तपकिरीवर हिरवे-जांभळे ठिपके, आणि दोन बाजूंना वेगवेगळा. १९५९ पासून पॅकिंग प्लास्टिकसारख्या पाकिटांचं झालं आणि ते रंगही संपले. आता कोणी १९७० च्या दशकातलं नाणं दाखवून "मिंट सेट टोनिंग" म्हणाला तर... चालू द्या. रोलच्या, म्हणजे कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या चळतीच्या, टोकाला असलेलं नाणं असेल तर कागदाच्या दुमडीमुळे बाहेरच्या बाजूला कडेकडेने रंग आणि मधे मोकळं वर्तुळ, आतल्या बाजूला जवळपास काहीच नाही. युरोपातल्या जुन्या संग्रहांत नाणी महोगनीच्या कपाटांतल्या कप्प्यांत असायची, तिथला रंग भडक नसतोच, राखाडीवर निळसर झाक, कॅबिनेट टोन म्हणतात त्याला. ओकचं लाकूड मात्र नाण्यांना वाईट, त्यातून आम्ल सुटतं.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. मुद्दा काय, तर प्रत्येक खऱ्या रंगामागे एक जागा असते आणि ती जागा रंगाच्या आकारातून वाचता येते. ज्या रंगाला जागाच सापडत नाही, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच गडद, कडेपासून कडेपर्यंत एकच इलेक्ट्रिक निळा, किंवा मधेच ओघळ आल्यासारखे पट्टे, किंवा पाण्याचा थेंब वाळल्यासारखी कडा, तो रंग द्रवातून किंवा वायूतून घाईघाईने आलेला असतो.

घाई हा शब्द महत्त्वाचा. लिव्हर ऑफ सल्फर म्हणून एक पदार्थ मिळतो, दागिने बनवणारे चांदीला मुद्दाम काळपटपणा द्यायला वापरतात, त्याचं कोमट पातळ द्रावण केलं की चांदी बघता बघता सगळे रंग दाखवून काळी होते. कोणी ओव्हनमध्ये गंधकवाल्या कागदात गुंडाळून तापवतो, कोणी आयोडीन, कोणी ब्लीच. ब्लीचचं काम तर लगेच ओळखू येतं, निस्तेज तपकिरी-काळपट, घाणेरडं दिसतं. सांगतोय ते ओळखण्यासाठी, करून बघण्यासाठी नाही, आणि यातल्या काही गोष्टींचे वायू नाकातोंडात जाण्यासारखे अजिबात नाहीत.

घाईत आलेला थर आणि सावकाश आलेला थर यात फरक दिसतो तो लस्टरमध्ये, म्हणजे नाण्याच्या मूळ चमकेत. न वापरलेलं नाणं दिव्याखाली तिरपं करून फिरवलं की प्रकाशाचे पट्टे आऱ्यांसारखे फिरतात, कार्टव्हील म्हणतात ते. पाडताना धातू बाहेरच्या दिशेने सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा राहतात, त्यामुळे हे होतं. सावकाश टोन झालेल्या नाण्यात हे पट्टे रंगाच्या खालून फिरताना दिसतात, रंग पारदर्शक काचेसारखा वाटतो आणि नाणं हलवलं की रंगही थोडा बदलतो. घाईच्या कामात रंग वर तरंगतोय असं वाटतं, लस्टर एकतर दबलेला असतो किंवा नाणं आधी कुणीतरी डिप करून, म्हणजे आम्लाच्या द्रावणात बुचकळून, पांढरं केलेलं असतं आणि त्या सूक्ष्म रेषाच झिजलेल्या असतात. रंगाखाली बारीक घासल्याच्या रेघा दिसल्या तर तो रंग बहुतेक वेळा त्या रेघा लपवायलाच आणलेला असतो. इथे भिंगाला काटकसर करू नका, पाच किंवा दहा पटीचं साधं भिंग पुरतं.

अजून एक बघायची जागा म्हणजे अक्षरांच्या आणि ताऱ्यांच्या कडा. सावकाश टोन झालेल्या नाण्यात उठावाच्या अक्षराजवळ येताना रंग एक-दोन पायऱ्या बदलतो, म्हणजे फील्डमध्ये (अक्षरं-चित्रं सोडून उरलेल्या सपाट भागात) निळा असेल तर अक्षराच्या अगदी बाजूला जांभळा किंवा सोनेरी, बाणाच्या टोकासारखे छोटे आकार दिसतात, अनुभवी लोक याला पुल-अवे म्हणतात. आर्टिफिशियल कामात बऱ्याचदा रंग अक्षरांवरून सरळ चालत जातो, मधे अक्षर आहे याची त्याला खबरच नसते. मी या खुणेला बराच मान देतो. एकट्या हिच्यावर निकाल मात्र देत नाही, कारण चांगले "डॉक्टर" (नाणी बिघडवणाऱ्यांना या छंदात डॉक्टर म्हणतात, काय पण नाव) सावकाश काम करतात, महिनोन् महिने नाणं पुठ्ठ्यात ठेवून खिडकीत ऊन-दमटपणा देतात, आणि मग ही खूणही थोडीफार येते.

वापरलेल्या, झिजलेल्या नाण्यावर भडक इंद्रधनुष्य असेल तर मी आधी शंकाच घेतो. भडक रंग दिसायला खाली चकचकीत पृष्ठभाग लागतो आणि झिजलेल्या नाण्यात तो उरलेलाच नसतो. जुन्या वापरलेल्या चांदीवर साधारण काय दिसतं, खाचाखोचांत गडद राखाडी आणि गालावर, केसांवर, जिथे बोटं घासली तिथे उजळ. हे उलटं असेल, म्हणजे झिजलेला गालसुद्धा फील्डइतकाच निळाजांभळा, तर तो रंग झीज संपल्यानंतर आलाय. नंतर आलेला म्हणजे खोटाच असं नाही हं, झिजलेलं नाणंसुद्धा पुढे जाऊन कोणाच्या अल्बममध्ये चाळीस वर्षं बसू शकतं आणि कडेला सुंदर वर्तुळं येऊ शकतात. पण मग वर्तुळं असली पाहिजेत, सांगितलं तेच, जागा दिसली पाहिजे. तसंच ओरखड्यांचं. ओरखड्याच्या आत आजूबाजूइतकाच रंग असेल तर ओरखडा आधीचा, आतून चांदी चमकत असेल तर ओरखडा नंतरचा. पिशवीत नाणी एकमेकांवर आदळून झालेल्या जुन्या खुणा पांढऱ्या चमकत असतील आणि विकणारा "शंभर वर्षांचं टोनिंग" म्हणत असेल तर त्याला विचारा की मग या खुणा काल झाल्या का.

तांब्याचं थोडक्यात सांगतो कारण त्याची तऱ्हाच वेगळी. तांबं लालवरून तपकिरीकडे जातं, आणि खरंखुरं निळं-जांभळं तांबंही असतं, खास करून जुन्या प्रूफ नाण्यांत (कलेक्टरांसाठी खास चकचकीत पाडलेली नाणी) जी टिश्यू कागदात गुंडाळलेली राहिली. पण काही क्लीनिंगची द्रावणं तांब्यावर नेमका तसाच निळा-जांभळा आणतात, अगदी सेकंदांत, आणि म्हणून निळ्या तांब्यावर मी चांदीपेक्षा दुप्पट संशय घेतो. सोनं स्वतः टोन होत नाही, त्यात मिसळलेलं तांबं होतं, त्यामुळे तांबूस डाग किंवा हलकी झाक एवढंच, सोन्याच्या नाण्यावर जांभळं-निळं इंद्रधनुष्य दिसलं तर हात जोडा आणि निघा. हिरवट चिकट थर दिसला तर ते टोनिंगच नाही, पीव्हीसीच्या मऊ पाकिटातून सुटलेली घाण आहे ती, शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवली की जाते. अ‍ॅसिटोनचा आणखी एक उपयोग म्हणजे लाख, वार्निश, मार्करची शाई असं काही वर फासलेलं असेल तर ते विरघळतं, सल्फाइडला मात्र अ‍ॅसिटोन काही करत नाही. म्हणजे अ‍ॅसिटोनने रंग उतरला तर प्रश्नच मिटला. (अ‍ॅसिटोन म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेलं आणि सुगंध असतात. आणि ज्वालाग्राही आहे, खिडकी उघडी ठेवा.) डिप मात्र टेस्ट म्हणून करू नका, ते खरं-खोटं दोन्ही सल्फाइड उतरवतं आणि सोबत थोडी चांदीही नेतं, निकाल कळेपर्यंत पुरावाच गेलेला असतो.

आता ग्रेडिंग कंपन्यांचं. पीसीजीएस १९८६ मध्ये आली, एनजीसी १९८७ मध्ये, नाणं तपासून ७० च्या स्केलवर ग्रेड देतात आणि प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये सील करतात. रंग पटला नाही तर पीसीजीएस "क्वेश्चनेबल कलर" म्हणते, त्यांचा ९१ नंबरचा कोड. शब्द नीट वाचा, क्वेश्चनेबल, म्हणजे "शंकास्पद". खोटा असं ते म्हणत नाहीत, आणि पास केलं तरी नॅचरल आहे असंही छातीठोकपणे म्हणत नाहीत, छंदातला शब्द आहे "मार्केट अ‍ॅक्सेप्टेबल", बाजाराला चालेल असं. काही लोकांना हा पळपुटेपणा वाटतो. मला उलट हाच त्यातला सगळ्यात प्रामाणिक शब्द वाटतो, कारण पदार्थ एकच असताना उरतो तो अंदाजच, फक्त हजारो नाणी बघितलेल्या डोळ्यांचा अंदाज. म्हणून तर तेच नाणं एकदा नापास होतं आणि पुन्हा पाठवल्यावर पास होतं. स्लॅब असला की माझी शंका बरीच कमी होते, शून्य होत नाही, त्यातही स्लॅब हवाबंद नसतो, नाणं आत गेल्यावरही हळूहळू रंगू शकतं आणि काही महाभाग तर आख्खा स्लॅबच वायूत ठेवतात. लेबलवरचा ग्रेड जुना आणि रंग नवा असं होऊ शकतं. जुन्या काळातला कंपनीने काढलेला फोटो स्लॅबवरच्या नंबरवरून मिळत असेल तर आधी तो बघायचा आणि आजच्या फोटोशी ताडायचा.

फोटोवरून घेणाऱ्यांनी नाण्याच्या आधी आजूबाजूला बघावं. स्लॅबमधला नाण्याभोवतीचा पांढरा भाग, लेबल, मागचा पृष्ठभाग, यात निळी-गुलाबी झाक असेल तर सॅच्युरेशन ओढलेलं आहे आणि नाणं हातात आल्यावर राखाडी निघणार. एकाच कोनातला एकच झगमगीत फोटो असेल तर साधा फिरवतानाचा व्हिडिओ मागा, एका दिव्याखाली, नाणं सावकाश तिरपं करत. काही अस्सल टोन झालेली प्रूफ नाणी सरळ बघितली तर काळपट दिसतात आणि ठराविक कोनातच पेटतात, त्यामुळे व्हिडिओत रंग येतो-जातो म्हणून घाबरायचं कारण नाही. कुठल्याच कोनात हलत नाही असा रंग दिसला तर मात्र थांबा. आणि विकणाऱ्याला "नॅचरल आहे का" असं विचारून काय उपयोग, हो म्हणेल. त्यापेक्षा नाणं आधी कशात ठेवलेलं होतं ते विचारा, आणि त्याने अल्बम सांगितला तर वर्तुळं शोधा, पिशवी सांगितली तर मागची बाजू बघा.